शाळेच्या छतावरचं पावसाचं पाणी लेकरांच्या ओठी लागू द्या: टाकीच्या कामासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपलं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. धरणाचं गोडं पाणी नळाला आठवड्यातून एकदा येतं, उन्हाळ्यात कधी दहाव्या दिवशी. मधल्या दिवसांत त्याच नळातून बोअरचं खारं पाणी येतं. नळाला कुठलं पाणी आलं, हे घरातली बाई चव न घेताच सांगते. हाताला साबण लावला आणि फेस झाला की ती घरात हाक मारते, "गोडं आलं, हंडे काढा!" त्यानंतरचा पाऊण तास सगळी गल्ली धावत असते.

खाऱ्या पाण्यात फेस होत नाही, साबणाचा चिकट साका होतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटलं आहे, आपण जड पाणी म्हणतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून ठेवतं, म्हणून एका वडीच्या जागी दोन लागतात आणि पांढरा शर्ट तरीही मळकटच राहतो. स्टीलच्या ताटावरचे पांढरे डाग चिंच लावून काढले तरी पुन्हा उमटतात. हीटरच्या रॉडवर चुन्याचा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं आणि एक दिवस रॉड जळतो. कूलरच्या ताट्या तर तुम्ही दर मे महिन्यात पाहताच. नव्या ताट्या बसवल्या की महिन्याभरात त्या पांढऱ्या, कडक होतात आणि हाताने चोळल्या तर मिठासारखा भुगा पडतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्यातून वारा येणार तरी कसा?

आणि डाळ. तुरीचं वरण हे आपल्या वऱ्हाडाचं रोजचं जेवण, पण या पाण्यात तूर शिजत नाही. दाण्याला मऊ होऊ न देणारं हेच ते कॅल्शियम. मग कुकरच्या शिट्ट्या वाढतात, कोणी चिमूटभर सोडा टाकतं, आणि ज्यांना जमतं त्या वरणापुरतं गोडं पाणी वेगळ्या गुंडात झाकून ठेवतात.

यात गावाचा काही दोष नाही. पूर्णेचं खोरं खोल गाळाने भरलेलं आहे, त्या गाळात क्षार आहेत आणि पाण्याचा निचरा कमी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांची हीच गत आहे. बोअर आणखी खोल नेल्याने पाणी गोडं होत नाही. पाणी उकळलं तर चुन्याचा काही भाग भांड्याच्या बुडाला बसतो, पण मीठ पाण्यातच राहतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार जात नाहीत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. (आरओवाले जे मीटर बुडवून दाखवतात ते सगळ्या क्षारांची गोळाबेरीज सांगतं. कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. कोणी नुसता मीटरचा आकडा दाखवून घाबरवत असेल तर लगेच घाबरू नका.) मुतखडा किंवा किडनीच्या त्रासाचं खापर एकट्या पाण्यावर फोडणं आम्हाला पटत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

आम्ही हे पत्र लिहायला बसलो ते मात्र घरांसाठी नव्हे, शाळेसाठी. घरी निदान हंडे भरून ठेवता येतात. ज्यांना परवडतं त्यांच्याकडे आरओ आहे, नाहीतर जारवाला येतो. शाळेत यातलं काहीच नाही.

मागच्या महिन्यात आमच्यापैकी तिघी मधल्या सुट्टीत शाळेच्या नळापाशी उभ्या राहिल्या. ज्यांच्या दप्तरात घरची बाटली होती ती लेकरं त्यातलं पाणी प्यायली. ज्यांच्याकडे बाटली नव्हती ती नळाला तोंड लावत, एक घोट घेऊन थुंकत आणि खेळायला पळत. दुसरीतली एक मुलगी ओंजळ भरून नुसती बघत उभी होती. मग तिने ते पाणी केसांवर फिरवलं आणि निघून गेली. ही लेकरं बहुतेक भाड्याच्या खोल्यांतली आहेत. त्यांच्या घरी साठवायला टाकी नाही, आणि नळ येतो तेव्हा आई-वडील कामावर असतात. एप्रिलच्या उन्हात सकाळपासून दुपारपर्यंत ही लेकरं जवळजवळ तहानलेलीच असतात. हे आमच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि आजवर आमच्या लक्षात आलं नव्हतं, याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशींचीही तीच कथा. नळाच्या पाण्यात डाळ दाताखाली कचकचते आणि लेकरं ताटात तशीच ठेवून उठतात. म्हणून मावशी घरून कडेवर एक घागर आणि हातात एक बादली गोडं पाणी आणतात, रोज, आपल्या घरच्या साठ्यातलं. त्याबद्दल त्यांनी कधी कोणाला शब्दानेही सांगितलं नाही.

यावर आमचा विचार असा की शाळेच्या छतावर पडणारं पाणीच धरून ठेवायचं. शाळेचा स्लॅब सुमारे 200 चौरस मीटरचा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. आपल्याकडे वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 1,40,000 लिटर होतात. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं आणि सांडलवंड वेगळी, असा पाचवा हिस्सा वजा केला तरी 1,12,000 लिटर उरतात. शाळेत 200 लेकरं आहेत. पिण्याला आणि खिचडीला मिळून माणशी 2 लिटर धरले तर दिवसाला 400 लिटर लागतात. म्हणजे 60,000 लिटरची टाकी पावसाळा संपताना भरलेली असेल तर शाळेचे 150 दिवस निघतात. पाऊस निम्माच झाला तर हाच हिशेब 56,000 लिटरवर येतो. तेव्हा टाकी पूर्ण भरणार नाही, पाणी काटकसरीने वापरावं लागेल.

काहींनी विचारलं, एक आरओ का बसवत नाही? आरओ लिटरभर पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो, त्याला वीज लागते, आणि इतक्या खाऱ्या पाण्यात त्याचा पडदा लवकर चोंदतो. तो बदलण्याचा खर्च दरवर्षी कोण करणार? दुसरी सूचना होती की छताचं पाणी बोअरमध्ये सोडा. पण खाली सगळं खारंच आहे, त्यात सोडलेलं गोडं पाणी जसंच्या तसं परत मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून जमिनीवरची टाकी. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, त्यामुळे पाया खोदून आत मुरूम दाबूनच बांधकाम होईल. तोंडाशी गिट्टी, कोळसा आणि रेतीची गाळणी, उजेड आत जाणार नाही असं झाकण, डास शिरू नयेत म्हणून पाइपांना जाळी. दरवर्षी पावसाआधी छत आणि टाकी धुणं आणि ठरावीक दिवसांनी पाण्यात क्लोरीन टाकणं ही जबाबदारी समितीने घेतली आहे. पाणी तपासून घेतल्याशिवाय लेकरांना देणार नाही.

आता मागणं. आम्हाला सिमेंट, सळई, रेती, गिट्टी, मुरूम आणि चार इंची पाइप हवेत. कोणी एक पोतं द्या, कोणी दहा. ट्रॅक्टर असेल त्यांनी मुरमाची एक खेप टाकून द्या. मिस्त्रीकाम करणाऱ्या भावांनी मजुरी घेऊनच काम करावं, फक्त आठ दिवस आपल्या कामासाठी मोकळे ठेवावेत, एवढीच विनंती. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या पोरांना हे पत्र जरूर पाठवा. त्यांतले कितीतरी याच शाळेत शिकले आणि याच नळाला तोंड लावून वाढले. रोख रक्कम फक्त शाळेच्या कार्यालयात द्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. जमा-खर्च दर शनिवारी शाळेच्या फळ्यावर लिहिला जाईल, कोणीही येऊन वाचावा.

अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर दान देतो. यंदा त्या घागरीसोबत या टाकीसाठीही काही काढून ठेवा. याच पूर्णेवर ऋणमोचनला गाडगेबाबांनी लोकांच्या हातांनी घाट उभा केला, आणि तो आपल्या मुलखातला आहे.

पाया खोदण्याचं काम अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळी सहाला शाळेच्या मागच्या अंगणात सुरू होईल. ऊन चढायच्या आत, नऊ वाजेपर्यंत थांबू. कुदळ, पावडं, घमेलं ज्याचं त्याने आणावं. चहा आणि पिण्याचं गोडं पाणी समितीकडून. मृगाच्या आधी झाकण बसायला हवं, म्हणून पहिल्याच दिवशी जास्तीत जास्त हात यावेत.

आपली,
गावातील पाणी समिती आणि शाळेतील माता-पालक