माझ्या विद्यार्थी व्हिसासाठी झटलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सप्टेंबर २०२५ पासून मी शेफील्ड विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी आपण केलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर ठेवण्याचे कारण असे की, बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर आपण बार्शीच्या वाचनालयात बसून मुलांचे अर्ज एक पैसाही न घेता तपासता, हे आपल्याच गावात अनेकांना ठाऊक नाही.

आमच्या घरात पैसा होता, पण तो व्हिसाच्या नियमांना दिसेल अशा ठिकाणी नव्हता. द्राक्षबागेचे उत्पन्न हंगामात एकदम येते. त्यातला मोठा भाग वडिलांनी वर्षानुवर्षे गावच्या पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवलेला, आणि कमी पडणाऱ्या रकमेसाठी चुलत्यांनी फक्त मदतीचा शब्द दिलेला. लंडनबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वेळी राहण्याखाण्यासाठी दरमहा १,१३६ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड, म्हणजे बारा लाखांच्या घरातली रक्कम, सलग २८ दिवस खात्यावर दाखवावी लागत असे. शिवाय त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. एका सल्लागाराने यावर सोपा मार्ग सुचवला होता: महिनाभरासाठी कोणाकडून तरी रक्कम व्याजाने आणून खात्यावर ठेवावी आणि काम झाले की परत करावी. वडील जवळजवळ तयार झाले होते. आपण त्यांना समोर बसवून सांगितले की, जो पैसा मुलीला खर्चता येणार नाही तो तिचा म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे, आणि ती उघड झाली तर पुढची दहा वर्षे तिचे ब्रिटनचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. हे सांगताना आपण आवाज चढवला नाही, की त्या सल्लागाराला नावे ठेवली नाहीत. त्या दिवसानंतर घरात तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि आपल्या सगळ्या मदतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

पुढचा मार्गही आपणच आखून दिलात. पतसंस्थेवर सहकार खात्याच्या निबंधकांची देखरेख असते, रिझर्व्ह बँकेची नसते, त्यामुळे तिथल्या ठेवीच्या पावतीवर विसंबून राहू नये, असे सांगून आपण ती ठेव मोडून रक्कम बँकेत आणायला लावलीत. चुलत्यांचे खाते नियमात बसत नव्हते, कारण विद्यार्थ्याचे स्वतःचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे आणि जोडीदाराचे एवढेच पैसे धरले जातात. तेव्हा आपण चुलत्यांना स्पष्ट विचारलेत की, ही रक्कम परत मिळावी अशी आपली अपेक्षा आहे का. त्यांनी नाही म्हटल्यावरच आपण भावाने भावाला दिलेल्या बक्षिसाचे एका पानाचे पत्र करून घेतलेत आणि सख्ख्या भावाकडून आलेल्या अशा रकमेवर वडिलांना आयकर लागत नाही, हेही समजावलेत. द्राक्षांच्या विक्रीच्या पट्ट्या तारखेनुसार लावून ठेवण्याचा आग्रहही आपलाच. शेतीच्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरलेले नसल्याने, पैसा आला कुठून असे कोणी विचारले तर दाखवायला आमच्याकडे दुसरे काही नव्हते.

त्या २८ दिवसांत शिल्लक एका दिवसासाठीही कमी पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. बागेचा खर्च काही कोणासाठी थांबत नाही; म्हणून आपण वडिलांच्या मोबाईलमधून त्या खात्याचे यूपीआय बंद करायला लावलेत आणि खते-औषधांसाठी दुसरे खाते ठेवायला सांगितलेत. पौंडाचा भाव वरखाली होतो, हे धरून वर थोडी जास्त रक्कमही राहू दिलीत. शिक्षण शुल्कासाठी घेतलेल्या कर्जाच्या मंजुरीपत्रात, रक्कम प्रवासाआधी उपलब्ध होईल हे वाक्य नव्हते. ते आपल्या एका नजरेत आले, पण बँकेत जाऊन ते लिहून मागण्याचे काम आपण माझ्याकडेच दिलेत. त्या वेळी मला ते जड गेले. आज इथे घरभाड्याचा करार असो की विद्यापीठाचे पत्र, प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून शंका विचारण्याची जी सवय मला आहे, ती तिथूनच लागली.

जन्मदाखल्यावर माझे नावच नव्हते, फक्त आईवडिलांची नावे आणि तारीख होती. आपल्याकडे कितीतरी जणांचे दाखले असेच आहेत. पैसे वडिलांचे असल्याने नाते सिद्ध करायला तो दाखला हवाच होता, म्हणून नगरपरिषदेत नाव नोंदवण्याचे काम आपण सर्वांत आधी हाती घ्यायला लावलेत. आपले पैसे माझ्या शिक्षणासाठी वापरायला वडिलांची संमती असल्याचे पत्र मात्र आपण मुद्दाम मराठीत आणि त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतलेत, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर अनुवादकाचे नाव, सही, तारीख व संपर्क यांसह जोडलेत. आपण कशावर सही करतो आहोत हे वडिलांना शब्दन् शब्द कळले पाहिजे, असे आपण म्हणाला होतात. आमच्या वडिलांचा असा मान कोणत्याही कार्यालयाने राखल्याचे मला आठवत नाही.

क्षयरोगाची तपासणी, ५२४ पौंडांचे अर्ज शुल्क, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा १,१६४ पौंडांचा आरोग्य अधिभार, बोटांचे ठसे हे सारे ठरल्या क्रमाने पार पडले. पासपोर्टवर व्हिसाचा कागद चिकटवून आला नाही म्हणून आई काळजीत होती. जुलै २०२५ च्या मध्यापासून बहुतेक विद्यार्थ्यांना व्हिसा ऑनलाइन नोंदीच्या स्वरूपातच मिळतो, हे आपण घरी येऊन तिला सांगितलेत, तेव्हा कुठे ती निश्चिंत झाली.

एक गोष्ट कळवायची आहे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा दाखवायची रक्कम लंडनबाहेर १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड झाली आहे. वाचनालयातल्या फळ्यावर आपण लिहिलेले जुने आकडे कृपया बदलून घ्यावेत. यंदा ब्रिटनसाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींची कागदपत्रे पहिल्या तपासणीसाठी माझ्याकडे पाठवावीत, रविवारी मी ती वाचून माझ्या शंका आपल्याला कळवीन. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर आपण रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर नियम वाचत बसू नये, ही काकूंची आणि माझी दोघींची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
बार्शीची एक विद्यार्थिनी
शेफील्ड