बायच्या एम.कॉम.विषयी, शिकागोहून

शिकागो,
१९ एप्रिल

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "निम्मा अभ्यास कॉम्प्युटरवरच असतो, तर एवढं भाडं भरून तिथे कशाला राहतेस? फोंड्याला ये, इथूनच शीक." आपल्या धाकट्या बायच्या एम.कॉम.चं घोडंही याच प्रश्नापाशी अडलंय, वर्गात जाऊन शिकायचं की घरून ऑनलाइन, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते. विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिकावं लागतं आणि त्या हिशेबात एका सत्राला एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरला जातो. हायब्रिड, म्हणजे थोडा वर्गात आणि थोडा घरी असा विषय चालतो, कारण त्याला वर्गात हजर राहावंच लागतं. पण हा नियम नसता तरी मी इथेच राहिले असते.

या सत्रात माझे तिन्ही विषय तीन तऱ्हांचे आहेत. संख्याशास्त्र पूर्ण वर्गातलं. सर फळ्यावर गणित मांडतात, मध्येच वळून आमच्याकडे बघतात आणि कोणी काही बोलायच्या आधीच दोन ओळी मागे जाऊन पुन्हा समजावतात. शेजारचा मुलगा असा प्रश्न विचारतो, की आपलंही तिथेच अडलं होतं हे तेव्हा लक्षात येतं. तास संपल्यावर आम्ही चार-पाच जण जिन्यात उभे राहून तेच गणित सोडवतो. हे जिन्यातलं शिकणं कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं, आणि माझ्या मते निम्मं शिक्षण तेच आहे.

ऑनलाइन विषयाला ठरलेली वेळ नाही. छोटे व्हिडिओ, वाचन, चाचणी, आणि दर आठवड्याला एका प्रश्नावर लिहायचं, दोघांच्या लिखाणाला उत्तर द्यायचं. हे हलकं काम नाही. वर्गात चारच जण बोलतात, इथे प्रत्येकाला मत मांडावंच लागतं. दिवसभर नोकरी करणाऱ्या, लहान मुलं असलेल्या बायका रात्री उशिरा इतकं नेमकं लिहितात, की वाचून मला हुरूप येतो. आणि बाबा, तास वाचतात हा समज मनातून काढून टाका. ३ क्रेडिट म्हणजे आठवड्याला तीनेक तास शिकवणं आणि त्यावर साधारण सहा तास स्वतःचा अभ्यास. ऑनलाइन घेतलं म्हणून त्यातला एक तासही कमी होत नाही, फक्त मागे लागणारं कोणी नसतं.

काही ऑनलाइन विषय ठरलेल्या वेळी थेट चालतात. इथला संध्याकाळी ६ चा वर्ग म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे ४.३०, आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की ५.३०. फोंड्यात बसून रोज ते करणं किती दिवस जमेल?

हायब्रिड म्हणजे मंगळवारी वर्ग, बाकीचं घरी. घरचा भाग करून गेलं तर बाई पहिल्या मिनिटापासून खऱ्या कंपन्यांचे ताळेबंद पुढे ठेवतात आणि फार रंगतं. न करता गेलेल्याला मात्र तो तास नुसता बसून काढावा लागतो.

आता बाय. २०२० मध्ये ती मोबाइलवर शिकली आणि तेव्हापासून आई म्हणते, ऑनलाइन म्हणजे डोळ्यांचा नाश. आई, ते ऑनलाइन शिक्षण नव्हतंच. वर्गासाठी तयार केलेला धडा रातोरात फोनवर आणला होता, तोही रेंजसाठी सत्तरी तालुक्यातली मुलं डोंगर चढत होती अशा दिवसांत. शिक्षकांनी जिवाचं रान केलं, पण त्यावरून ऑनलाइनची पारख करू नका. सावंतवाडीच्या मामींनी नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, तेव्हा इंटरनेटही नव्हतं. पुस्तकं घरी, अभ्यास केंद्रावर संपर्क सत्रं आणि स्वतःची शिस्त. घर-नोकरी सोडून जाता येत नाही त्यांच्यासाठी ही वाट अस्सल आहे. आता तर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये स्पष्टच केलंय, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन वा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. मात्र मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत बघायचं. जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका.

पण बायला तशी अडचण नाही. ती बावीस वर्षांची आहे, घरची जबाबदारी नाही, आणि ताळगावच्या पठारावर १९८५ पासूनचं आपलं गोवा विद्यापीठ आहे. तिथे एम.कॉम. आहे, ग्रंथालय आहे, तिच्यासारख्याच वयाची मुलं आहेत. फोंडा-पणजी कदंबची बस आणि पुढे दुसरी बस, पावसात अंधार पडल्यावर परतणं, ही बाबांची काळजी मला कळते. त्यावर विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात चौकशी करा, किंवा पहिलं वर्ष पणजीत आत्याकडे ठेवा. पण बस टाळण्यासाठी तिला दोन वर्षं खोलीत बसवू नका. ती अबोल आहे, प्रश्न मनात ठेवते. तिला जिन्यातली माणसं हवीत.

शिवाय वर्गात जाऊनही ऑनलाइन शिकता येतं. तिला हवा असलेला डेटा ॲनालिटिक्सचा विषय तिथे नसेल, तर 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर बघा. विद्यापीठाने मान्य केलं तर सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, असा यूजीसीचा २०२१ चा नियम आहे. व्याख्यानं घरी ऐकायची, शेवटची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. प्रवेशाच्या वेळी विभागात एवढंच विचारा: कुठल्या विषयांचे क्रेडिट धरता आणि परवानगी कधीपर्यंत मागायची.

फी भरायच्या आधी अभ्यासक्रमाची पानं मला व्हॉट्सॲपवर पाठवा. बायला सांगा, रविवारी सकाळी १० वाजता फोन करते. तेव्हा तिने स्वतः बोलायचं, तिच्या वतीने बाबांनी नाही. हे पत्र मामींनाही वाचायला द्या, त्यांच्या लेकीचंही यंदा हेच चाललंय.

तुमची,
थोरली