दोन टक्के घेता, तर बिलात लिहा

मा. संपादक,

कार्डाने पैसे दिले तर जादा आकारणी, ही आपल्या कालच्या अंकातील बातमी वाचली. व्यापाऱ्यांची बाजू छापली, ग्राहकांची छापली, आणि शेवटी ‘याबाबत नियमांत स्पष्टता नाही’ असं म्हणून वार्ताहर मोकळे झाले. फोन करून कुठल्याही बँकेत विचारलं असतं तरी चाललं असतं.

सप्टेंबर 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं आहे, की डेबिट कार्डावर ग्राहकाकडून वेगळे पैसे घेणं बँक आणि दुकानदार यांच्यातल्या करारात बसत नाही आणि असं करणाऱ्या दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत. 6 डिसेंबर 2017 च्या परिपत्रकात पुन्हा तेच. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे बँक दुकानदाराकडून जे शुल्क कापते, तो ‘एमडीआर’; तो त्याने ग्राहकावर ढकलू नये, हे बघायचं काम बँकेचं. यात अस्पष्ट काय आहे?

त्याच परिपत्रकात दरही आहेत, ते बातमीत यायला हवे होते. मागच्या वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर डेबिट कार्डावर जास्तीत जास्त 0.40 टक्के, तेही एका व्यवहाराला 200 रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल तर 0.90 टक्के आणि कमाल 1,000 रुपये. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर 1 जानेवारी 2020 पासून दर शून्य. म्हणजे ‘बँक आमचे दोन टक्के कापते’ हे व्यापाऱ्यांचं वाक्य डेबिट कार्डाला लागूच होत नाही, आणि तेच आपण चौकटीत ठळक छापलंत.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) खरेदीचं एक बिल समोर आहे, जळगावच्या सराफ बाजारातलं. बिल 1,20,000 रुपयांचं. त्याला टाचलेली मशीनची स्लिप 1,22,400 ची. स्लिपवर कार्डाचा प्रकार स्वच्छ छापलेला: रुपे, डेबिट. वरचे 2,400 रुपये कशाचे? बँकेने या व्यवहारावर दुकानदाराकडून एक पैसा घेतलेला नाही. दुसऱ्या कंपनीचं डेबिट कार्ड असतं, तर 0.90 टक्क्यांनी 1,080 होतात, पण मर्यादेमुळे 1,000 च कापले असते. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 180, आणि ते दुकानदाराला विवरणपत्रात परत मिळतात. गिऱ्हाइकाने विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘भाऊ, मशीनचे लागतात.’ मशीनचं भाडं महिन्याचं असतं, पावतीगणिक नसतं.

गंमत पुढे आहे. हे 2,400 बिलात नाहीत. वस्तू विकताना दुकानदार जे काही वर घेतो, मग ते पॅकिंग असो की कमिशन, ते जीएसटी कायद्याप्रमाणे विक्रीच्या किमतीतच धरायचं असतं. दागिन्यावर 3 टक्के, म्हणजे या रकमेवरचे 72 रुपये सरकारचे. तेही गेले. बँकेत जमा 1,22,400, विक्री 1,20,000. मार्चअखेरीस या फरकाचं काय करायचं, ते बिचाऱ्या हिशेबनिसाने बघायचं. जे शेठ जास्त हुशार, ते कार्डावर बिलाएवढीच रक्कम घेतात आणि वरचे दोन टक्के रोख मागतात. मग फरकही नाही आणि पुरावाही नाही.

क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी, हे मान्य करायला हवं. तिथे रिझर्व्ह बँकेने दराला मर्यादा घातलेली नाही. दोन टक्के दर धरला तर जीएसटीसह 2.36 टक्के होतात आणि सोन्यात तेवढी कमाई सुटत नाही हे खरं. पण जादा आकारणीला तिथेही मुभा नाही; मशीन घेताना दुकानदार ज्या करारावर सही करतो, तो करार आड येतो. परवडत नसेल तर ‘क्रेडिट कार्ड चालणार नाही’ अशी पाटी लावावी. किंवा रोखीवर सूट द्यावी आणि ती बिलात दाखवावी. बिलात दाखवलेली सूट कायद्याला चालते. मात्र दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, हेही त्याच पाटीवर लिहा म्हणजे झालं.

पेट्रोल पंपाचं उदाहरण दरवेळी पुढे केलं जातं. पंपावर क्रेडिट कार्डाला लागणारा एक टक्का पंपवाला मशीनमध्ये टाकत नाही. तो महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये लागतो आणि कार्ड देणारी बँक बहुतेक कार्डांवर ठराविक रकमांसाठी माफही करते. त्याचा सराफाशी काय संबंध?

आता तक्रार कुठे करायची, कारण इथेच लोक चुकतात. आपलं खातं ज्या बँकेत, तिथे अर्ज देतात आणि ‘आमचा विषय नाही’ ऐकून परत येतात. अर्ज द्यायचा तो मशीन ज्या बँकेचं, तिला. तिचं नाव स्लिपवर असतं. मशीन एखाद्या पेमेंट कंपनीचं असेल तर त्या कंपनीला लिहून मागची बँक कोणती हे विचारून घ्यावं. अर्जात स्लिपवरचे एमआयडी (दुकानाचा), टीआयडी (मशीनचा) आणि आरआरएन (व्यवहाराचा) हे तीन क्रमांक, तारीख, आणि बिल व स्लिप यांतला फरक एवढं पुरे. पूर्ण कार्ड नंबर लिहू नये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, दुकानाविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915 वर. पिन टाकण्याआधी मशीनवरची रक्कम बिलाशी ताडून बघावी; पिन दाबल्यावर वाद घालणं अवघड. रोख मागितलेच तर ‘बिलात लिहून द्या’ म्हणावं. बहुतेक ठिकाणी दोन टक्के तिथेच सुटतात.

लिहितोच आहे तर आणखी एक. ग्रामीण भागातल्या काही कृषी सेवा केंद्रांत मोबाइलवरून क्यूआर स्कॅन केलं तरी दहा-वीस रुपये ‘मशीनचे’ म्हणून घेतात, आणि बोट दाखवतात ते खताच्या मशीनकडे. त्या मशीनवर आधारचा अंगठा घेतात, खताच्या अनुदानाच्या नोंदीसाठी. तुमच्या क्यूआरशी त्याचा काहीएक संबंध नाही. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांची; तिच्यावर सुटे नाहीत म्हणून वेगळे, स्कॅनचे म्हणून वेगळे, आणि सोबत नको असलेली झिंकची पिशवी घेतल्याशिवाय गोणी नाही. खरीप तोंडावर आला, की रावेरपासून शिरपूरपर्यंत हे बोलणं ऐकू येतं. यावरही वार्ताहरांना पाठवा. फक्त या वेळी ‘नियमांत स्पष्टता नाही’ असं लिहू नका. किंमत गोणीवर छापलेली असते.

आणि वाचकांसाठी, बातमीत राहून गेलेलं: स्लिपचा कागद थर्मल असतो. पाकिटात उन्हात राहिला की काही आठवड्यांत अक्षरं उडतात. त्याच दिवशी बिलासोबत फोटो काढून ठेवावा.

आपला,
एक हिशेबनीस, अमळनेर