यंदा गौरी-गणपतीला मी नसेन

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज कातर होतो आणि मी दुसरंच काहीतरी बोलत राहते, म्हणून लिहितेय. मुप्पंदलच्या पवनचक्क्यांवरची नोकरी मी घेतली. सही करून आठ दिवस झाले. दादाला ठाऊक आहे, पण त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला शपथ घातली होती.

पगारासाठी चालले असं मनात आणू नका. चाळकेवाडीच्या पठारावर चार वर्षं काढली, जे शिकायचं ते शिकले. मुप्पंदल कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. तिथं अरलवायमोळीला डोंगरात खिंड आहे आणि मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा त्या खिंडीतून नुसता घुसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. म्हणून वर्षाची बरीचशी वीज त्याच महिन्यांत मिळते, आणि तेव्हा बिघाड झाला तर लगेच चढून दुरुस्त करावा लागतो. सिझनमध्ये रजा नसते ती यामुळे.

म्हणजे यंदा गौरी-गणपतीला मी नसेन. आई, हे वाक्य मी चार वेळा खोडलं. दिवाळीला दहा दिवस येतेय, रजा आत्ताच मागून ठेवली आहे. पुण्याहून नागरकोईलला थेट गाडी आहे, दोन रात्रींचा तर प्रवास.

बाबा, तुम्हाला भीती माझ्या चढण्याची आहे, माहीत आहे. म्हणून एकदा नीट सांगते. वाऱ्याचा जोर ठरलेल्या मर्यादेपुढे गेला किंवा विजा चमकू लागल्या की कुणी वर जातच नाही. चढण्याआधी पाती फिरवून त्यांची कड वाऱ्याकडे करतात, मग वारा त्यांना ढकलू शकत नाही आणि चक्की आपोआप मंदावते. वर गेल्यावर चाकाला लोखंडी खीळ बसते, ती निघाल्याशिवाय ते हलत नाही. अंगभर बांधलेला पट्टा शिडीच्या रुळाला अडकवलेला असतो, पाय सटकला तर जागीच धरतो. शिवाय एकटीनं कधीच जायचं नाही, हा नियम आहे.

आणि आजी म्हणायची ना, पंखे ढग पळवतात? तुमच्याही मनात ते आहे. पण तो पंखा नाही. पंखा वीज खातो आणि वारा देतो, ही वारा खाते आणि वीज देते. वारा पात्यावरून जाताना एका बाजूला दाब कमी होतो, दुसऱ्या बाजूला जास्त राहतो, आणि त्या फरकानं पातं ओढलं जातं. ते मिनिटाला पंधरा-वीसच फेरे घेतं. गिअरबॉक्स ते फेरे हजार-दीड हजारांवर नेतो आणि जनरेटरमधून वीज निघते. ताशी बारा-चौदा किलोमीटर वारा असला की चक्की सुरू होते, नव्वदच्या पुढं गेला की स्वतःच थांबते. खळ्यावर उफणताना वारा फिरला की तुम्ही पाटी घेऊन फिरायचात, तशी ती अख्खी मान वळवते. मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा डोळ्यांसमोर तुम्हीच आलात.

सज्जनगडाच्या वळणावर पात्याचा ट्रेलर अडकला होता, आठवतं? तुम्ही मला खांद्यावर घेऊन अख्खी दुपार उभे होतात. मला ऊन लागू नये म्हणून टोपी माझ्या डोक्यावर होती आणि तुमचं डोकं तापलेलं. ती दुपार मी कुठं गेले तरी माझ्याबरोबरच असते.

खोली दोघींत आहे, सोबतची मुलगी तिरुनेलवेलीची. पाणी चोवीस तास. भात रोज असेल, म्हणून आई, नाचणीचं पीठ आणि लसणाची चटणी बांधून दे, पण स्वतः दळायला जाऊ नकोस. दादा जाईल.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, बाबा. बरं वाटतंय म्हणून तर अजिबात नाही. पठारावर वैरणीला एकट्यानं जायचं नाही. आई, मोतीबिंदूचं पावसाच्या आधी उरकून घे. ‘तू आल्यावर बघू’ हे मी मागच्या दिवाळीपासून ऐकतेय. मागच्या श्रावणात झालं ते पुन्हा व्हायला नको, आणि या वेळी मी दोन तासांत पोचू शकणार नाही. हेच मला खातं. म्हणून एवढं माझं ऐका.

आरतीच्या वेळी फोन देव्हाऱ्यापाशी ठेवा.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, मोटारसायकलची चावी दादाकडे देऊन टाका. तो मागणार नाही, तुम्हीच द्या.