बाबा येईपर्यंत थांब

इस्तंबूल,
रविवार, संध्याकाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्राला सात आठवडे लागले, त्याबद्दल आधीच कान पकडते. फोन रोज होतो, पण बाबा म्हणतात तसं फोनवर 'जेवलीस का' आणि 'आवाज येतोय का' यापुढे गाडी जात नाही. तर, जेवते. दोन्ही वेळा. मसुरीचं सूप इथे कुठेही मिळतं, वर लिंबू पिळलं की आमटीची आठवण येते. गोड्या मसाल्याचा डबा अजून अर्धा आहे. मी वाळलेय असं वहिनीला व्हिडिओत वाटलं, तो कॅमेऱ्याचा दोष.

भूकंपाचं पुन्हा विचारू नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये ६.२ चा झाला तो झाला. दाराशी पिशवी भरून ठेवलीय, त्यात पाणी, बिस्किटं, टॉर्च आणि पासपोर्ट. अशी पिशवी इथे पुष्कळ जण ठेवतात. ठेवलीय म्हणजे मी घाबरलेय असं नाही.

एक गंमत मात्र सविस्तर सांगते, कारण तिनं माझे पहिले सहा महिने खाल्ले. इथे 'नाही' म्हणताना मान आडवी हलवत नाहीत. हनुवटी किंचित वर, भुवया वर, आणि जिभेनं 'च्च'. बस. आता आपल्याकडे कुणी हनुवटी उडवली तर त्याचा अर्थ काय? 'काय गं, काय पाहिजे?' मी दुकानात विचारायचे, दही आहे का? दुकानदार हनुवटी उडवायचा. मला वाटायचं ऐकू गेलं नाही, म्हणून मी मोठ्यानं विचारायचे. तो आणखी वर. मी आणखी मोठ्यानं. शेवटी त्यानं रिकामं फडताळ दाखवलं. पुढे तर असं झालं की कुणी नुसतं आभाळाकडे पाहिलं तरी मी 'बरं, राहू द्या' म्हणून निघायचे. काही जण तर 'च्च'सुद्धा करत नाहीत, नुसत्या भुवया. त्यामुळे बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय लागलीय. तिकडे आल्यावर तसं केलं तर मनावर घेऊ नका.

माझ्या प्रबंधावरून आत्यानं विचारलंय, 'ती परक्या देशाची राजकन्या काय खायला घालणार आहे?' आत्याला हा भाग वाचून दाखवा.

तिचं नाव आना कोम्नेनी. १०८३ च्या डिसेंबरमध्ये याच गावात, राजवाड्यातल्या जांभळ्या दगडाच्या दालनात जन्मली. तेव्हा हे कॉन्स्टँटिनोपल होतं. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा वडील, बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राट अलेक्सिओस, मोहिमेवरून परतायचे होते. आईनं पोटावर क्रूसाची खूण केली आणि पोटातल्या बाळाला म्हणाली, बाबा येईपर्यंत थांब. आणि आना म्हणे थांबली. तिनं हे स्वतःच लिहून ठेवलंय, मी जन्मायच्या आधीपासून आईबापाचं ऐकत आलेय म्हणून. वाचलं तेव्हा मी हसले. मग पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीत बसले.

व्याकरण तिनं घरच्यांपासून लपून, वाड्यातल्या सेवकांकडून शिकलं. जुन्या ग्रीक काव्यांनी मुलगी बिघडेल अशी आईवडिलांना धास्ती होती. (आई, तू तर मला कादंबऱ्याही वाचू दिल्यास, एवढं कबूल.) पुढे धाकटा भाऊ योआनीस गादीवर बसला. तिनं नवऱ्यासाठी त्याच्याविरुद्ध कट केला असं नंतरच्या इतिहासकारानं लिहिलं आणि शेकडो वर्षं सगळ्यांनी तेच गिरवलं. आता काही अभ्यासक म्हणतात, पुरावा तपासा. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यावरच आहे. लिहिणाऱ्या बाईला महत्त्वाकांक्षी ठरवणं पूर्वीपासून सोपं जात आलंय, एवढंच मी सध्या म्हणते.

भाऊ आयासोफ्याच्या (इथलं जुनं मोठं चर्च, आता मशीद) वरच्या मजल्यावर सोन्याच्या मोझेकमध्ये उभा आहे, हातात पैशांची थैली, शेजारी हंगेरीहून आलेली राणी, बाजूला मुलगा. त्याला बघायला परदेशी माणसाकडून २५ युरो घेतात. म्हणजे अडीच हजाराच्या आसपास, आत्याला आकडा सांगू नका. आनाचं चित्र कुठेच नाही. तिचं आहे ते पुस्तक, 'अलेक्सियाद', पंधरा भागांचं, वडिलांच्या कारकिर्दीवर. नवऱ्यानं इतिहास लिहायला घेतला होता, तो मोहिमेवरून आजारी होऊन आला आणि अपुरा टाकून गेला. तेव्हा पन्नाशी ओलांडलेली ही बाई लिहायला बसली. पहिल्या क्रूसेडचे, म्हणजे जेरुसलेम घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती फौजांचे, सरदार १०९६-९७ मध्ये इथे येऊन धडकले, तेव्हा ती तेरा वर्षांची. त्यातल्या बोहेमंडचं तिनं असं वर्णन केलंय की शत्रू आहे की हिला आवडलाय, समजू नये. तोच पुढे शवपेटीत पडून मेल्याचं सोंग करत पळाला, आणि वास यावा म्हणून सोबत मेलेला कोंबडा ठेवला, हेही तिनंच सांगितलंय. दादाला हे आवडेल.

शेवटचा, पंधरावा भाग मात्र मी पुढे ढकलत होते. त्यात वडिलांचं दुखणं आहे. छाती भरून यायची, आडवं होता येईना, श्वासासाठी उठून बसावं लागायचं. वैद्य जमले, औषधांवर वाद झाले, आना त्यांच्यात बसून मत द्यायची. मिरी घातलेलं एक औषध दिलं, दोन-चार दिवस बरं वाटलं. (मिरी तेव्हा मलबारहून जायची, बाबा.) आणि ती मनगट धरून नाडी बघत राहिली. १५ ऑगस्ट १११८. तिची आई नाडीबद्दल तोंडानं काही विचारेना, नुसती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

बाबा, तुमची अँजिओप्लास्टी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मला कळवलंत. 'परीक्षा होती, उगीच कशाला' म्हणून. मी रागावलेले नाही, तेव्हाही नव्हते, दादाशी फोनवर आवाज चढला तो लाइन खराब होती म्हणून. आणि मी आले असते तरी काय केलं असतं? मला नाडी बघता येत नाही. बाहेरच्या बाकावर बसले असते.

आता पैशांचं. लिरा घसरतोय, विद्यावृत्ती वाढते पण भाडं तिच्यापुढे पळतं. तरी या महिन्यात चाळीस हजार पाठवतेय, कर्जाच्या खात्यात टाका, आणि त्यातून मला फराळ पाठवायच्या फंदात पडू नका. तुर्की भाषेत 'हाफ्ता' म्हणजे आठवडा. बँकेच्या माणसाला सांगून बघा, मुलीचा एकच हप्ता उशीर झालाय.

स्थळाचं. पुण्याच्या मुलाचा फोटो पाहिला, दिसायला बरा आहे, फोनवर बोलायला माझी हरकत नाही. पण प्रबंध व्हायला अजून दीड वर्ष आहे, हे त्यांना आधीच सांगा, 'येतेच आहे ती' असं मोघम नको. आनाचं तर पाळण्यातच ठरलं होतं, तो मुलगा लग्नाआधीच वारला. मग चौदाव्या वर्षाच्या सुमारास दुसऱ्याशी झालं, आणि त्याच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याचं बंड तिच्या वडिलांनीच मोडलं होतं! तशा सासरी ती चाळीस वर्षं नीट नांदली आणि नवऱ्याबद्दल मायेनं लिहिलं. आईला हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरता येईल हे मला माहीत आहे.

दिवाळीला जमेलसं वाटत नाही. तिकीट बघितलं. अजून एकदा बघते.

वहिनीला सांगा, बाबांच्या बीपीच्या वहीचा फोटो दर रविवारी पाठवायचा. खरे आकडे. शेजारी नाडीचाही रकाना पाड म्हणावं.

तुमची,
माऊ

ता. क. बाबा, घाटावर संध्याकाळी एकटे जाऊ नका. यावर हनुवटी उडवलीत तर मला इथून अर्थ कळतो.