चारच्या बटणावरचा रुपया

प्रति,
ग्राहकसेवा व्यवस्थापक

दि. ७ जुलै २०२५

विषय : जाहिरातीच्या फोटोतले उजवे ऑल्ट बटण प्रत्यक्ष कीबोर्डवर नसल्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या संकेतस्थळावरून मी १४ जूनला एक छोटा बिनतारी कीबोर्ड मागवला. तो १८ जूनला हाती आला. किंमत ३,४९९ रुपये. (रुपयाचे चिन्ह न घालता अक्षरी का लिहिले, ते पुढे येईलच.) आपल्या ग्राहकसेवेकडून आजवर तीन उत्तरे आली. तिन्ही उत्तरे देणाऱ्यांनी हा कीबोर्ड कधी डोळ्यांनी पाहिलेला नसावा, म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि भाषांतरे करते. फ्रेंचमध्ये काही अक्षरांच्या डोक्यावर तिरकी रेघ असते, काहींवर छोटेसे छप्पर असते, सी-ला कधीकधी खाली शेपटी येते. ही अक्षरे उमटवायच्या दोन वाटा माझ्या बोटांत बसलेल्या आहेत. जुनी वाट अशी : ऑल्ट दाबून धरायचे आणि नंबर पॅडवर आकडे मारायचे. ०२३३ म्हणजे ई-वर उजवीकडे चढणारी रेघ, ०२३२ म्हणजे उलट्या दिशेची, ०२३१ म्हणजे शेपटीवाला सी. सख्ख्या बहिणीचा फोन नंबर आता मला पाठ नाही, पण हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगीन. दुसरी वाट सोपी : विंडोजमध्ये 'यूएस इंटरनॅशनल' मांडणी निवडायची, मग उजवे ऑल्ट आणि ई एकत्र दाबले की झाले.

आपल्या कीबोर्डला नंबर पॅड नाही हे मला विकत घेतानाच दिसत होते. त्याबद्दल तक्रार नाही. टेबल लहान आहे म्हणूनच छोटा कीबोर्ड घेतला. पण संकेतस्थळावरच्या फोटोत स्पेसबारच्या उजवीकडे ऑल्ट स्पष्ट दिसते. शेजारी 'सर्व भाषांसाठी सज्ज' असेही लिहिले आहे. आलेल्या कीबोर्डवर त्याच जागी आपल्या कंपनीचे बोधचिन्ह असलेले बटण आहे. ते दाबले की आपले दुकान उघडते. फ्रेंच लिहिता लिहिता सवयीने अंगठा तिकडे जातो आणि दर दोन ओळींनी समोर हेडफोनवरची सूट येऊन उभी राहते.

माझ्या भाच्याने एक संध्याकाळ खर्चून ते बटण बदलून पाहिले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, ते दाबले की संगणकाला तीन बटणे एकदम दाबून लगेच सोडल्याचा निरोप जातो. दाबून धरल्याचा निरोप जातच नाही, त्यामुळे त्याचे ऑल्ट करता येत नाही.

आता आपली उत्तरे.

२१ जूनचे उत्तर : 'ऑल्ट दाबून ०२३३ टाइप करा.' कुठे? वरच्या ओळीतल्या आकड्यांनी हे होत नाही, त्याला नंबर पॅडच लागतो. सहा वेळा करून पाहिले, कारण माणसाने सांगितलेले आधी करून पाहावे.

२४ जूनचे उत्तर : यूएस इंटरनॅशनल वापरून अपॉस्ट्रॉफीनंतर अक्षर दाबा. रेघ येते, मान्य. पण फ्रेंचमध्ये अपॉस्ट्रॉफी ओळीओळीला लागते. 'पाणी' लिहायला एल, अपॉस्ट्रॉफी, मग ई असे दाबावे, तर अपॉस्ट्रॉफी ई-च्या डोक्यावर चढून बसते आणि शब्दाचे भजे होते. ती खरी हवी असेल तर प्रत्येक वेळी मध्ये स्पेसबार दाबा. कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र धरले की उजव्या ऑल्टचे काम होते हेही मला ठाऊक आहे. एखाद्या अक्षराला ठीक आहे. पानात शंभर वेळा तीन बोटांची ती कसरत माझ्या मनगटाला आता झेपत नाही.

३० जूनचे उत्तर मात्र मी छापून ठेवले आहे. 'ही चिन्हे नसली तरी वाचणाऱ्याला समजते,' असे त्यात म्हटले आहे. उद्या कोणी 'महाराष्ट्र दिन'च्या जागी 'महाराष्ट्र दीन' छापले तरीही समजतेच, नाही का? फ्रेंचमध्ये 'ताश' हा शब्द ए-वर छप्पर असेल तर 'काम', नसेल तर 'डाग'. याच आठवड्यात मी सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका केली. छपरे नंतर घालू म्हणून पुढे गेले आणि एके ठिकाणी राहून गेले. एका मुलीने हात वर करून विचारले, "मॅडम, डाग दुसरा कंपल्सरी आहे का?" वर्ग हसला, मीही हसले. पण हॉटेलच्या मेन्यूचे भाषांतर पाठवताना 'खारट'मधली रेघ गळून त्याचे 'घाणेरडे' झाले असते, तर तिकडे कोणी हसले नसते. शेवटच्या वाचनात सापडले म्हणून वाचले.

ती अक्षरे दुसरीकडून चिकटवून इथे दाखवता आली असती. मुद्दाम दाखवलेली नाहीत. हे पत्र मी आपल्याच कीबोर्डवर लिहिते आहे. त्यावर जे सुखाने उमटते तेवढेच आपल्याला वाचायला मिळेल.

फ्रेंचचे सोडा. चारच्या बटणावर आपणच रुपयाचे चिन्ह छापले आहे. 'इंग्लिश (इंडिया)' मांडणीत ते उमटते ते उजवे ऑल्ट आणि चार दाबून. म्हणजे चिन्ह छापले आणि ते उमटवणारे बटण काढून तिथे दुकान थाटले.

त्याच ३० जूनच्या उत्तरात परतीची दहा दिवसांची मुदत संपल्याचेही कळवले आहे. ती २८ जूनला संपली. माझी पहिली तक्रार १९ जूनची आहे. मधले दिवस आपल्या उत्तरांची वाट पाहण्यात गेले, ते माझ्या खात्यात धरू नयेत.

उजवे ऑल्ट असलेला कीबोर्ड बदलून द्यावा, नाहीतर पूर्ण पैसे परत करावेत. संकेतस्थळावरचा फोटोही बदलावा. पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल काय म्हटले आहे, ते आपल्या विधी विभागाला माहीत असेलच.

पत्र पाठवले की कीबोर्ड मूळ खोक्यात घालून ठेवते. कुरियरवाल्याला सकाळी अकराच्या आत पाठवावे, नंतर माझे वर्ग असतात.

कळावे,
आपली एक ग्राहक, पुणे

सोबत : पावती, संकेतस्थळावरील फोटोची प्रत, ३० जूनचे उत्तर