डेंग्यूच्या बातमीला गटाराचा फोटो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली डेंग्यूची बातमी वाचली. मथळा ठसठशीत, आणि सोबत फोटो कशाचा, तर सांगलीतल्या शेरीनाल्याचा, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचा. तो नाला दिसला की तुमच्या छायाचित्रकाराचे हात शिवशिवतात हे समजू शकते, आहेच तो तसा. पण डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही हो. त्याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं: बॅरल, हौद, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर. नाल्यातले डास वेगळे, क्युलेक्स जातीचे; ते रात्रभर कानाशी गुणगुणतात, झोपेचं खोबरं करतात, पण डेंग्यू त्यांच्यामुळे होत नाही. आता आमच्या शामरावनगरातली मंडळी तो फोटो बघून गटाराला शिव्या घालणार आणि घरची उघडी टाकी उघडीच राहणार.

पुढे अख्ख्या सांगली जिल्ह्याला एकच सल्ला. पलूस-वाळव्याचा नदीकाठ आणि दुष्काळी जत, आटपाडी, कवठेमहांकाळ सगळे एका ओळीत. वर शिक्का 'पावसाळी आजार'! २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, ते काय सांगलीत पडलेल्या पावसाने? वर कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरात कोसळलं, ते इथे घरात शिरलं. पूर ओसरल्यावर चिखल उपसणाऱ्यांना खरी धास्ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची. उंदरांचं, जनावरांचं मूत्र त्या पाण्यात मिसळलेलं आणि पायाला चिरा. तिथे गमबूट घाला म्हणून सांगणं बरोबर. जतला चिखलच नाही, तिथे गमबूट घालून काय करायचं?

माझं माहेर जत तालुक्यातलं. तिथे डेंग्यू होतो तो पाणी नसतं म्हणून. नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, मग घरात जे भांडं असेल ते भरून ठेवायचं. एका उन्हाळ्यात (पावसाळ्यात नव्हे, संपादकसाहेब) वहिनीला ताप आला, तपासणीत डेंग्यू निघाला. मग घरी पाहणीला माणसं आली. बॅटरी मारून बॅरलमध्ये वाकून बघितलं, अळ्या बाटलीत भरून घेतल्या, बॅरल अंगणात पालथा केला, भिंतीवर गेरूने तारीख टाकली आणि 'आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा' सांगून गेली. वहिनी अंगात ताप घेऊन उंबऱ्यात बसून त्या वाहत्या पाण्याकडे बघत होती. तेवढं पाणी भरायला तिने पहाट घालवली होती. अळ्या न्यायला बाटली होती, बादलीभर पाणी मात्र कुणाकडे नव्हतं. कोरडा दिवस आम्हाला पाळावा लागत नाही, तो आपोआप येतो, असं ती अजूनही ऐकवते.

बॅरलच्या तोंडाला जुनं धोतर घट्ट बांधा, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी चाललं असतं. आणि नुसतं पाणी ओतून तरी काय होतं? अंडी आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या हजर. भांडं घासायला हवं, खसखसून. बातमीत 'रिकामे करा' आहे, 'घासा' कुठेच नाही. रस्त्यावर धूर सोडणाऱ्या गाडीचं मात्र कौतुक आहे. हा डास दिवसा चावतो आणि घरात कपाटामागे, कॉटखाली बसतो. गाडी रस्त्याने जाते.

तालुकावार रुग्णसंख्येचा तक्ता छापलात, त्यातून वाचकाने काय घ्यायचं? हा डास जन्मला त्या गल्लीच्या आसपासच घुटमळतो. तो एसटीत बसून सांगलीहून जतला जात नाही, ताप आलेला माणूस जातो. तेव्हा छापायचाच असेल तर नकाशा छापा. कुठल्या गल्लीत रुग्ण आहेत, तिथे नळ किती दिवसांनी येतो, कुठल्या मोकळ्या प्लॉटवर पाणी तुंबलंय, हे दिसू द्या. पुरवणीत राशिभविष्याला अर्धं पान मिळतं, त्याच्या शेजारी मावेल.

आणखी एक. ही बातमी जतला येणाऱ्या तुमच्या आवृत्तीत नव्हतीच. मी वहिनीला फोनवर वाचून दाखवली. तिच्या अंकात त्या जागी कुणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात होती, रंगीत. अंकाची किंमत मात्र दोन्हीकडे तीच घेता.

— एक नियमित वाचक, शामरावनगर, सांगली